आराखडा आणि वहिवाट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या रात्रीच्या गणेश विसर्जनाने थकलेली लातूर-उस्मानाबादची खेडी गाढ निद्रेत असता किल्लारीच्या परिसरात भूकंप होऊन, सरकारी गणतीप्रमाणे जवळजवळ ८ हजार माणसे आपल्याच दगडमातीच्या माळवदांखाली गाडली गेली. आणि त्यानंतर शासन, संस्था व जागतिक बँकेचे कर्ज यांच्या बळावर ५२ गावे नव्या जागी ज्या तडफेने उभारली गेली, ती तडफ निःसंशय वाखाणण्याजोगी होती. तथापि गाव कशाने वसते, याचा विचार त्या आराखड्यांत फारसा उमटलेला दिसत नाही.

जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मंजूर झाली. दप्तराला हे सोयीचे होते. पण अनेक ठिकाणी एका मापाची घरे एका रांगेत आल्यामुळे, जिच्या भिंतीला भिंत लागून होती ती भावकी वसाहतीच्या दोन टोकांना पांगली. जुन्या वाड्यात दरवाजा ओलांडला की चौकात धान्य निवडायला, लेकरू न्हाऊ घालायला, जनावर बांधायला आडोसा असे. नव्या घराचे दार थेट रुंद रस्त्यावर उघडू लागले. पुढे शौचालयात सरपण आणि पक्क्या खोलीत कडबा दिसला, तेव्हा ज्यांनी गावकऱ्यांना अडाणी ठरविले, त्यांनी आपल्या नकाशात कडब्याला जागा ठेवली होती काय?

वहिवाटीचा हा प्रश्न घरांपुरताच नव्हता. ढिगाऱ्यातून निघणाऱ्या देहांना सामुदायिक अग्नी देण्यावाचून त्या घटकेस इलाज नव्हता, हे कोणीही मान्य करील; परंतु दफनाची रूढी पाळणाऱ्या लिंगायत समाजाची मोठी वस्ती असलेल्या या मुलखात, मागाहून येणाऱ्या समाजसेवकाने त्याविषयी घरोघर विचारपूस करणे, हे अन्नवाटपाइतकेच त्याचे काम होय.

मात्र रूढीचा आदर म्हणजे जुन्याला कवटाळणे नव्हे. दगडांनी आप्त हिरावल्यावर ‘दगड नको, सिमेंट हवे’ ही मागणी खुद्द गावकऱ्यांनीच केली होती, आणि पक्के घर मिळूनही कित्येक जण भीतीपोटी पत्र्याच्या शेडमध्येच निजत; तेव्हा परंपरेच्या प्रेमापोटी कोणा शहरी तज्ज्ञाने माळवदाचा आग्रह धरला असता, तर तीही बेपर्वाईच ठरली असती. शिवाय चावडीवरची मागणी बहुधा बागायतदाराची असते. चूल कुठे असावी, हे ज्या सुनेला ठाऊक, ती तेथे बोलत नाही.

तिला बोलते करण्याची रीत याच पुनर्वसनात सापडली होती. जी गावे हलविली नाहीत, जेथे घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण तेवढे व्हावयाचे होते, अशा हजाराहून अधिक गावांत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या. अनुदानाची आणि बांधकामाची माहिती त्या घरोघर पोचवीत, आणि घरातली अडचण अंमलदारांच्या कानी घालीत. तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात होड्या, दोर व तंबू यांच्या यादीशेजारी अशा स्त्रियांची गावनिहाय नावे आधीच नोंदलेली असावीत, आणि त्यांच्या संमतीवाचून कोणत्याही नव्या वसाहतीची आखणी मंजूर होऊ नये, एवढी तजवीज शासनाने एका परिपत्रकाने करावी.