आजार मनाचा असला म्हणून काय?

मैत्रिणींनो, बारामतीच्या लताबाई करे आठवतात ना? नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेली ही माउली नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉन धावली आणि जिंकली. २०२० मध्ये त्यांच्यावर सिनेमाही आला. सगळ्यांनी कौतुक केलं. पण आजार मनाचा असता तर? बारामती-इंदापूरकडच्या घरांत मी आजही ऐकते, "कुणाला सांगू नका, पोरीचं लग्न व्हायचंय." २०१७ च्या कायद्यानं मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीनं उपचाराचा हक्क दिलाय. १४४१६ वर मोफत सल्ला मिळतो. रोजच्या चालण्या-पळण्यानं मनाला उभारी येते. औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायचं नाही. शेजारणीला तापाचं विचारतो, तसंच "झोप लागते का गं?" हेही विचारू या.