एकट्याच्या खेळातली सोबत

‘रेड डेड रिडेम्प्शन २’मधला आर्थर मॉर्गन दिवसभर माळरानात एकटा भटकतो. छावणीवर परतला की शेकोटीभोवती कोणी गात असतं, कोणी भांडत असतं. २०१८ साली आलेला हा खेळ घडवणाऱ्या रॉकस्टारच्या अनेक देशांतल्या स्टुडिओंमध्ये बंगळुरूचाही स्टुडिओ होता.

पण आर्थरचा खरा सोबती म्हणजे त्याचा घोडा. त्याला खाऊ घालावं, खरारा करावा, मान थोपटावी. तसतसा त्याचा विश्वास वाढतो आणि तो लांबूनही शिटीला ओ देतो. जखमी झाल्यावर वेळेत औषध मिळालं नाही तर मरतो, कायमचा. एकही शब्द न बोलता जुळणारा हा जिव्हाळा फार नेमका पकडलाय!

बोलका सोबती घडवणं त्याहून अवघड. ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये (२०१३) खेळाडू लपलेला असताना त्याची सोबतीण एली शत्रूच्या समोरून गेली तरी ती त्याला दिसत नाही. तिच्या चुकीची शिक्षा खेळाडूला का? डोळ्यांना खटकली तरी ही तडजोड योग्यच आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’त (२०२०) वेगळी वाट धरली. पळवून नेलेल्या गोलूला, धाकट्या भावाला, शोधत राजी एकटीच लढते. तिची कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू. सोबत असते ती त्यांच्या आवाजाची.

हा अंक अशाच सोबत्यांचा आहे. सुरुवात अर्थातच घोड्यापासून.