जेवणाच्या टेबलावरची असई

गेले तीन महिने आमचे जेवणाचे टेबल लष्कराच्या ताब्यात आहे आणि आम्ही तिघे स्वयंपाकघरात पाट मांडून जेवतो. चिरंजीव अकरावीत गेले, दिवाळीतला किल्ला आणि मातीचे मावळे सुटले, तेव्हा मला वाटले नाद संपला. पण मावळे गेले आणि इंचभर उंचीचे प्लास्टिकचे शिपाई आले.

हा खेळ इंग्लंडात जुना. एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे त्याच्या नियमांचे पुस्तकच लिहिले. स्प्रिंगच्या तोफेतून खेळण्यातले शिपाई पाडायचे. ही छोटी लढाई खेळून माणसाला खऱ्या युद्धाचा मूर्खपणा कळावा, अशी त्याची आशा होती. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले! आता बहुधा तोफेऐवजी फासे टाकतात आणि चाल टेपने मोजतात.

खेळापेक्षा तयारीच मोठी. हात, डोके, बंदूक सुटी येतात. ती ब्लेडने कापायची, कडा घासायच्या, चिकटवायच्या. मग प्रायमर, त्यावर रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला की चेहरा बुजतो. नंतर गडद पातळ रंग सोडला की तो अंगरख्याच्या चुण्यांत आपोआप उतरतो, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळायचे. एकाला पाऊण तास लागतो. मीही एक मद्रासी शिपाई रंगवला. मिशी वाकडी झाली.

लढाई निवडली असईची, २३ सप्टेंबर १८०३. गाव आजच्या जालना जिल्ह्यात. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. केळणा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, म्हणजे मध्ये उतार असणारच, असा अंदाज बांधून त्याने फौज पलीकडे नेली. मी इतिहास शिकवतो, तेव्हा बापाचा कधी नव्हे तो उपयोग झाला.

पण रंग ठरवताना पंचाईत झाली. चिरंजीवांनी “आपले” आणि “त्यांचे” असे दोन डबे केले होते. लाल डगल्याचे बहुतेक शिपाई मद्रासचे निघाले. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन, हॅनोव्हरचा. सौभाग्यवतींचे माहेर म्हैसूरचे. भाकरी थापता थापता त्यांनी विचारले, “नम्मवरु यार कडे इद्रु?” म्हैसूरचे घोडदळ वेलस्लीकडे होते. त्या हसल्या. मी म्हटले, थांबा, पेशव्यांचे घोडेस्वारही तिकडेच होते. मग त्याही हसायच्या थांबल्या. आमच्या घरात कोण कुणाकडचा, हा प्रश्न क्रिकेटपासून आमटीतल्या गुळापर्यंत रोज निघतो; चिरंजीवांनी दोन्ही डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि नुसते “नदीअलीकडे”, “नदीपलीकडे” लिहिले.

गेल्या रविवारी लढाई झाली. शिंद्यांची निम्मी फौज बिनरंगीच उभी होती. एक शिपाई म्हणजे वीस माणसे, असा हिशेब. फाशांनी वेलस्लीला हरवले, म्हणजे मलाच. नंतर चिरंजीव म्हणाले, “बाबा, खऱ्या लढाईत तुमच्या बाजूचे किती गेले?” मी सांगितले, मेलेले आणि जखमी मिळून सुमारे सोळाशे. त्याने मनात भागाकार केला आणि टेबलावरून एकेक करून ऐंशी शिपाई उचलून लाडवाच्या डब्यात ठेवले. वेळ लागला. डबा भरला तेव्हा लाल रंग टेबलावर विरळ दिसू लागला होता. पलीकडच्या बाजूचे किती, हे त्याने विचारले नाही.

माझा वाकड्या मिशीचा शिपाई डब्यात वरच होता. कुणाचे लक्ष नाही असे पाहून मी त्याला पुन्हा टेबलावर उभा केला.

“बाबा, तसं चालत नाही,” चिरंजीव म्हणाले.