न दिसल्याची नोंद

मंद धूमकेतूंचे वेध घेणाऱ्या आमच्या वाचकांकडून दर महिन्याला जे तक्ते येतात, ते चाळताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. ज्या रात्री धूमकेतू दिसला, त्या रात्रीची हकीकत तपशीलवार असते. आणि ज्या रात्री दुर्बीण मांडून, तारानकाशा ताडून, तास-दीड तास नेत्रिकेला डोळा लावूनही तो दिसला नाही, त्या रात्रीचा रकाना कोरा असतो. हा कोरेपणा आळसाचा नव्हे, संकोचाचा आहे हे आम्ही जाणतो. जे दिसलेच नाही त्याची दप्तरी नोंद काय करावयाची, असे सरळ मनाच्या माणसाला वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु या संकोचापायी नियतकालिक धूमकेतूंच्या अभ्यासाचे जे नुकसान होते, ते एकदा स्पष्टपणे मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते.

मार्सेय येथे विल्हेल्म टेंपेल यांनी ३ एप्रिल १८६७ रोजी जो धूमकेतू शोधला, आणि जो आज नवव्या क्रमांकाचा नियतकालिक धूमकेतू म्हणून आपल्या यादीत आहे, त्याची कथा या संदर्भात पुनःपुन्हा सांगण्याजोगी आहे. सुमारे पावणेसहा वर्षांच्या आवर्तनकालाने तो १८७३ मध्ये व १८७९ मध्ये परत आला, आणि मग नाहीसा झाला. कारण त्या काळच्या गणितज्ञांनाही अनाकलनीय नव्हते: १८८१ मध्ये तो गुरूच्या जवळून गेला, गुरूच्या आकर्षणाने त्याची कक्षा विस्तारली, आवर्तनकाल साडेसहा वर्षांवर गेला, उपसूर्यबिंदू सूर्यापासून सुमारे पाच कोटी किलोमीटरने दूर सरला, आणि मुळातच मंद असलेला तो धूमकेतू अधिकच मंद झाला. १८९८ व १९०५ साली छायाचित्रांच्या साहाय्याने त्याचा शोध झाला, तो निष्फळ ठरला. ते प्रयत्न झाले होते हे आज आपण सांगू शकतो ते केवळ एवढ्याचसाठी, की ज्यांना काही दिसले नाही त्यांनी तसे लिहून ठेवले.

पुढे १९६३ मध्ये ब्रायन मार्सडन यांनी हा जुना हिशेब पुन्हा उघडला. गुरूच्या ओढीचा परिणाम वर्षामागून वर्ष मोजत नेल्यावर त्यांना असे आढळले की, १९४१ व १९५३ साली गुरूशी झालेल्या आणखी दोन भेटींनी कक्षा पुन्हा आकुंचित केली आहे, इतकी की आवर्तनकाल व उपसूर्य-अंतर शोधाच्या वेळेपेक्षाही कमी झाले आहे. म्हणजे धूमकेतू पुन्हा दृष्टीच्या टापूत आला होता. पाहणारा हवा होता. मार्सडन यांनी १९६७ आणि १९७२ या दोन आगमनांची स्थाने वर्तवली. १९६७चे आगमन प्रतिकूल होते. तरीही अॅरिझोनात एलिझाबेथ रोमर यांनी अनेक छायाचित्रे घेतली, ती तपासली, आणि त्यांत काहीही आढळले नाही.

वेधकर्त्याचे शील पारखावे ते अशा जागी. ती छायाचित्रे ज्यांवर घेतली होती त्या काचा टाकून दिल्या गेल्या नाहीत. १९६८च्या अखेरीस रोमर यांनी त्या पुन्हा तपासावयास घेतल्या, तेव्हा ८ जून १९६७च्या काचेवर, मार्सडन यांनी वर्तवलेल्या स्थानाच्या अगदी निकट, अठराव्या प्रतीचा एक धूसर ठिपका त्यांना सापडला. एका ठिपक्यावरून कक्षा ठरत नाही, म्हणून पुढच्या फेरीची वाट पाहणे भाग होते. आणि ११ जानेवारी १९७२ रोजी, त्यांच्याच सहभागाने, तो धूमकेतू निःसंशय हाती आला. त्या वर्षी मे महिन्यात तो अकराव्या प्रतीपर्यंत उजळला. याच धूमकेतूच्या गाभ्यावर ४ जुलै २००५ रोजी मानवाने मुद्दाम आघात घडवून त्याच्या अंतरंगाची पाहणी केली. कोणती काच, कोणत्या तारखेची, किती वाजता, आकाशाच्या कोणत्या भागाची, हे १९६७ मध्ये लिहिलेले नसते, तर दीड वर्षानंतर तो ठिपका म्हणजे काचेवरचा एक डाग, याहून अधिक काही ठरला नसता.

तेजाच्या बाबतीत तर, धूमकेतूचे स्थान व तेज आगाऊ सांगणाऱ्या कोष्टकावर विश्वास अधिकच जपून ठेवावा लागतो. कोष्टकातली अपेक्षित प्रत बहुधा अशा गृहीतावर काढलेली असते की, सूर्यापासूनच्या अंतराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात धूमकेतूचे तेज घटते. हे गृहीत उपयोगाचे आहे. परंतु धूमकेतू त्याचा बांधील नाही. होम्सचा धूमकेतू १९०६ नंतर हरवला, तो १९६४ मध्ये मार्सडन यांच्याच गणितावरून रोमर यांनाच सापडला. आणि हाच धूमकेतू ऑक्टोबर २००७ मध्ये सतराव्या प्रतीवरून दोन दिवसांच्या आत तिसऱ्या प्रतीपर्यंत उजळून नुसत्या डोळ्यांना दिसू लागला.

म्हणून प्रतीचा अंदाज घेण्यापूर्वी कोष्टकातला तो आकडा पाहू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. घाटमाथ्यावरच्या एका पहाटे, आठ इंची दुर्बिणीतून, तिरकस नजरेनेच जेमतेम जाणवणाऱ्या एका धूमकेतूच्या कोमाचे सरासरी तेज मनात धरून, मग नेत्रिका बाहेर सरकवीत शेजारचे तारे कोमाच्या आकाराएवढे फुगवून त्यांच्याशी ते ताडताना, आमच्या मनात १२.३ हा आकडा येत होता. परंतु निघण्यापूर्वी आम्ही कोष्टक पाहिले होते आणि त्यात ११.५ होते. आम्ही ११.८ लिहिले. पुढे इतर वेधकर्त्यांचे अंदाज हाती आले, ते सारे १२.४च्या आसपास होते. डोळ्याने खरे सांगितले होते आणि लेखणीने त्यात भर घातली, याची खंत आजही आहे.

स्थानमापनाचे नियम आमच्या वाचकांना ठाऊक आहेत, तेव्हा दोनच गोष्टींचे स्मरण देतो. दिवसाला अर्धा अंश सरकणारा धूमकेतू एका मिनिटात सव्वा विकला सरकतो, म्हणून घड्याळातली मिनिटाची चूक मापाची सारी अचूकता खाऊन टाकते. आणि कोमाच्या सर्व प्रकाशाचा मध्य काढला, तर तो गाभ्यापासून पुच्छाच्या बाजूला ढळतो, म्हणून माप घनीभूत केंद्राचेच घ्यावे. या सूक्ष्मतेचे मोल एंकेच्या धूमकेतूने शिकवले आहे. प्रत्येक फेरीत तो सुमारे अडीच तास आधी येतो हे योहान एंके यांना दिसले, आणि त्यांनी अंतराळात विरोध करणारे माध्यम कल्पिले; खरे कारण, म्हणजे गाभ्यातील बर्फाच्या वाफेचा रेटा, फ्रेड व्हिपल यांनी सांगितले ते १९५० मध्ये. त्या अडीच तासांची नोंद जर कोणी चूक समजून दुरुस्त केली असती, तर व्हिपल यांच्या सिद्धांताला एक भक्कम पुरावा उणा पडला असता.

आता न दिसल्याच्या नोंदीत काय असावे ते सांगतो. तारीख, जागतिक वेळ, दुर्बिणीचा व्यास, वर्धन, आणि आकाशाची स्थिती हे तर हवेच. परंतु मुख्य गोष्ट मर्यादेची. क्षेत्रातला सर्वांत मंद तारा कितव्या प्रतीचा दिसला एवढे लिहून भागत नाही, कारण बिंदुरूप तारा सहज दिसतो तेथे तेवढ्याच प्रतीचा पसरट धूमकेतू दिसत नाही. अपेक्षित कोमाच्या आकाराएवढे तारे फुगवून, त्यांतला कोणता अखेरचा जाणवला, ती प्रत लिहावी आणि ‘धूमकेतू याहून मंद’ असे नमूद करावे. असा एक वेध कक्षेबद्दल थोडेच सांगेल. परंतु उजळण्याचा आरंभ केव्हा झाला हे ठरवताना त्याच्यावाचून चालत नाही.

टेंपेलचा धूमकेतू मे २०२४ मध्ये पुन्हा एकदा गुरूजवळून गेला आहे. त्याचे उपसूर्य-अंतर वाढले असून, फेब्रुवारी २०२८ मध्ये तो उपसूर्यबिंदूशी येईल तेव्हा पूर्वीच्या फेऱ्यांपेक्षा मंद राहील. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्याजवळ बारा इंचांवरची दुर्बीण अथवा कॅमेरा आहे, त्यांनी २०२७च्या पावसाळ्यानंतरच्या पहिल्या चंद्रहीन पंधरवड्यापासून त्याचा शोध घ्यावा आणि प्रत्येक रात्रीचा तक्ता, धूमकेतू दिसो वा न दिसो, आमच्याकडे पाठवावा. या अंकासोबतच्या तक्त्यात न दिसल्याच्या नोंदीसाठी स्वतंत्र रकाना छापला आहे.