फिलर घेतलेत? मग लपवू नका

लग्नसराई जवळ आली की दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. जेवणावळींनी पोट बिघडलेले, आणि काहीबाही लावून चेहरा बिघडलेले. गेल्या काही वर्षांत त्यात तिसऱ्या प्रकाराची भर पडली आहे. हे चेहऱ्याला लावून नव्हे, तर चेहऱ्यात टोचून घेऊन येतात.

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. एक आई मुलीला घेऊन आली. लग्न पंधरा दिवसांवर. "डॉक्टर, हिला रात्री काहीतरी चावलंय बघा. ओठ सुजलाय, नाकाजवळ निळं पडलंय. हळद-तूप लावलं, पण दुखणं वाढतंच आहे." मुलगी खाली मान घालून बसलेली. नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंत निळसर, जाळीसारखा डाग आणि त्याच्या कडेची कातडी पांढरट. किड्याचा चावा असा दिसत नाही. आईला थोडा वेळ बाहेर बसवून विचारले, तेव्हा तिला रडू फुटले. आदल्या दिवशी मोठ्या शहरातल्या एका पार्लरमध्ये तिने फिलरचे इंजेक्शन घेतले होते. रात्री दुखू लागले म्हणून फोन केला, तर "पहिल्या दिवशी असं होतंच, बर्फ लावा" असे उत्तर मिळाले. सकाळी फोन कोणी उचललाच नाही. "सर, सासरी कळलं तर काय होईल?" एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

त्याच दुपारी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी लगेच उतारा दिला आणि चेहरा वाचला. नाकाजवळ एक बारीकसा व्रण तेवढा राहिला. लग्न ठरल्या दिवशी पार पडले. तिच्याच परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने, हे लिहीत आहे.

फिलर म्हणजे कातडीखाली घालायचा भराव. ओठ भरदार दिसावेत, गालाचे खड्डे बुजावेत, नाकाशेजारच्या घड्या कमी व्हाव्यात म्हणून तो टोचतात. बोटॉक्स वेगळे, त्याने स्नायू सैल पडतात. बहुतेक फिलर हायल्युरॉनिक आम्लाचे असतात. हा पदार्थ आपल्या कातडीत, सांध्यांत आणि डोळ्यांत मुळातच असतो. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली तो जनावराच्या डोळ्यातून प्रथम वेगळा केला. ओठात साधारण एक मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा पुरतो. काही महिने ते वर्ष-दीड वर्षात तो विरून जातो.

नटण्याची हौस हा काही गुन्हा नाही. आपल्या आज्याही नाक-कान टोचून घेतच होत्या. त्यामुळे फिलर घेणाऱ्यांना नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. माझे म्हणणे इतकेच की सुई टोचली म्हणजे काम संपले नाही. नंतरची काळजी हा उपचाराचाच अर्धा भाग आहे, आणि आपल्याकडे नेमका तोच लपवाछपवीत बुडतो.

आता काळजी कशी घ्यावी ते सांगतो. पहिला दिवस टोचलेल्या जागेला हात लावू नये. दाबणे, चोळणे, मालिश करणे नको. डॉक्टरांनी स्वतः सांगितले तरच. पावडर, लिपस्टिक, क्रीम चोवीस तास बाजूला ठेवावे. सुईची भोके बुजेपर्यंत जंतूंना वाट मोकळी असते. दुसऱ्या दिवसापासून साध्या पाण्याने व सौम्य साबणाने हलक्या हाताने चेहरा धुवावा. सूज असेल तर स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून काही मिनिटे नुसता टेकवावा. दोन-तीन रात्री उशी थोडी उंच घेऊन उताणे झोपावे. दोन दिवस जड व्यायाम, दारू, वाफ, कढत पाण्याची आंघोळ आणि चुलीची धग टाळावी. उन्हात जाताना टोपी किंवा ओढणी घ्यावी व सनस्क्रीन लावावे. मुरमांची किंवा गोरेपणाची झोंबणारी मलमे आठवडाभर बंद ठेवावीत. दुखल्यास पॅरासिटामॉल चालते. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

दोन आठवडे फेशियल, ब्लीच, वॅक्सिंग आणि दाताचे काम पुढे ढकलावे. येथे नवऱ्या मुलींना एक खास सूचना. हळदीच्या दिवशी दहा सुवासिनी दहा हातांनी गालाला हळद चोळतात. म्हणून फिलर घ्यायचेच असेल तर लग्नाआधी निदान महिनाभर घ्यावे. "हळदीच्या आधी पटकन उरकू" हा विचार सर्वांत घातक. ओठावर वरचेवर तापाचे फोड येत असतील तर तेही डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण सुईने ते उसळू शकतात.

सूज दोन-तीन दिवस राहते, ओठाची कधी आठवडाभरही. काळेनिळे डाग आठ-पंधरा दिवसांत जातात. थोडा कडकपणा, किंचित गाठ लागणे यानेही घाबरू नये.

पण पुढील खुणा दिसल्या तर घड्याळाकडे पाहायचे. जागा एकाएकी पांढरी पडणे, निळसर जाळी उमटणे, कातडी थंड लागणे, दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाणे. याचा अर्थ भराव रक्तवाहिनीत गेला किंवा तिच्यावर दाब आला, आणि पुढच्या कातडीला रक्त मिळेनासे झाले. अशा वेळी बर्फ लावत बसू नये. थंडीने रक्तवाहिनी आणखी आकसते. हायल्युरॉनिक आम्लाचा भराव विरघळवणारे हायल्युरॉनिडेझ नावाचे इंजेक्शन आहे. ते जितके लवकर मिळेल तितकी कातडी वाचते. अंधुक किंवा दोन-दोन दिसणे, डोळा दुखणे, पापणी पडणे, हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काही झाले तर तत्क्षणी मोठे रुग्णालय गाठावे. क्वचित होते, पण दृष्टी कायमची जाऊ शकते. चार-पाच दिवसांनी जागा लाल व गरम झाली, पू आला किंवा ताप भरला तर तो जंतुसंसर्ग समजावा. काही महिन्यांनी गाठ आली तरी "ते जुनं झालं" म्हणून डॉक्टरांपासून दडवू नये.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्याकडे उतारा नाही, त्याच्याकडून फिलर घेऊ नये. सुई धरणारा डॉक्टरच हवा, आणि गुंतागुंत झाली तर फोन उचलणारा हवा. सुईशिवाय दाबाने भराव घुसवणारे 'पेन' वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली दिला आहे. त्याच वर्षी इंग्लंडने अठरा वर्षांखालील मुलामुलींना सौंदर्यासाठी फिलर देण्यावर कायद्याने बंदी घातली. आपल्या घरात हा नियम आपणच पाळायला काय हरकत आहे?

पैसे देण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी लिहून मागाव्यात. फिलरचे नाव व बॅच क्रमांक, किती मात्रा कोठे टोचली, टोचणाऱ्या डॉक्टरांचे नाव, आणि रात्री-अपरात्री लागणारा फोन नंबर. सगळेच फिलर त्या उताऱ्याने विरघळत नाहीत, त्यामुळे नाव माहीत नसेल तर पुढच्या डॉक्टरांचे हात बांधले जातात. सोनाराकडून एक ग्रॅमची नथ घेतली तरी आपण पावती मागतो. येथे तर प्रश्न स्वतःच्या चेहऱ्याचा आहे.

आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवावे. त्या मुलीच्या आईला शेवटी मीच आत बोलावले. मुलीने स्वतः तिला सांगितले. आई क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "अगं, रात्रीच उठवायचं ना मला." माताभगिनींनो, लेकींना हे वाक्य आजच सांगून ठेवा. रागवायला नंतर भरपूर वेळ मिळतो. कातडीला मात्र तेवढा वेळ नसतो.