रेडिएटरात बोअरचं पाणी नको

सभासद बंधूंनो, हंगाम तोंडावर आला की आपण ट्रॅक्टरचे ऑईल बदलतो, टायर पाहतो. रेडिएटरकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. भरल्या ट्रॉल्या ओढून इंजिन तापलं, की ओता बोअरचं पाणी! कारखान्याच्या बॉयलरला कच्चे पाणी चालत नाही. मग ट्रॅक्टरला का चालावे? जड पाण्याचे क्षार आत थर धरतात, उष्णता कोंडते.

डिस्टिल्ड पाण्यात कूलंट घालावे, पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे. पण रंग चांगला दिसतो म्हणून गाफील राहू नये. रंग टिकतो, गंज रोखणारी द्रव्ये हळूहळू संपतात. मग लायनरला बारीक छिद्रे पडून पाणी ऑईलमध्ये उतरते, आणि ऐन तोडणीत इंजिन उतरवायची पाळी येते. हायड्रोमीटर फक्त ग्लायकॉलचे प्रमाण सांगतो. या द्रव्यांसाठी चाचणीपट्टी वेगळी. अशा पट्ट्या कारखान्याने काट्याजवळ ठेवाव्यात, अशी आमची सूचना आहे. नंबर लागेपर्यंत गाडी उभीच असते. इंजिन गार झाले की झाकण उघडून तपासता येईल.

जुने कूलंट गोठ्याजवळ ओतू नका. ते चवीला गोड लागते, जनावर चाटते आणि दगावते.