लॅपटॉपचं गेज बदलतंय, तुमचा सेटअप कशावर चालतो?

जून २०२५ मध्ये ॲपलने जाहीर केलं की मॅकओएस २६ ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. त्याच वेळची दुसरी घोषणा मात्र बातम्यांत कोपऱ्यात गेली. नव्या मॅकवर इंटेलसाठी बनलेली ॲप्स चालवणारं रोझेटा २ पूर्ण रूपात मॅकओएस २७ पर्यंतच मिळेल, पुढे काही जुन्या गेम्सपुरतं उरेल. कोडिंग करणाऱ्यांना खरा धक्का इथे आहे.

नागपूरकरांना हे समजायला मोतीबागचं नॅरो गेज रेल्वे म्युझियम पुरेसं आहे. छिंदवाड्याची गाडी वर्षानुवर्षं ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर धावली. ब्रॉड गेज १,६७६ मिलिमीटरचं. डबा कितीही मजबूत असो, दुसऱ्या गेजवर चढत नाही. प्रोसेसरचा इन्स्ट्रक्शन सेट म्हणजे हेच गेज. इंटेल-एएमडीचं एक्स८६ हे १९७८ च्या ८०८६ पासून चालत आलेलं, तर तुमच्या फोनमधलं आर्म पूर्ण वेगळं. सोर्स कोड म्हणजे डब्याचा नकाशा आणि कंपाइल झालेली फाइल म्हणजे एकाच गेजसाठी बांधलेला डबा. मॅकवरचं रोझेटा आणि विंडोजवरचं प्रिझम हे एका गाडीतून माल उतरवून दुसरीत भरणारे हमाल. काम होतं, थोडा वेळ जातो.

अडचण अशी की हे हमाल इतके गुपचूप काम करतात की ते आहेत हेच कळत नाही. जुन्या इंटेल मॅकवरून सगळा डेटा नव्या एम-चिप मॅकवर आणला, की जुनं होमब्रूही सोबत येतं. मग त्यातून टाकलेलं प्रत्येक टूल इंटेलचंच येत राहतं आणि रोझेटावर चालत राहतं. रोझेटा गेलं की ते बंद. त्यामुळे ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडा आणि 'काइंड' या कॉलममध्ये कशापुढे 'इंटेल' लिहिलंय ते बघा. विंडोजवर टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये 'आर्किटेक्चर' हा कॉलम जोडता येतो. जी टूल्स परकी निघतील ती काढून आर्मची आवृत्ती टाका. एक रविवार जाईल, पण तो आत्ता गेलेला बरा.

विंडोजवर प्रश्न उलटा आहे, तिथे टूल्सच उशिरा आली. स्नॅपड्रॅगन एक्सचे लॅपटॉप जून २०२४ मध्ये बाजारात आले. पायथनचा आर्म इन्स्टॉलर तेव्हा होता, पण नमपायची विंडोज-आर्मसाठी तयार फाइल आली जून २०२५ मध्ये, २.३ आवृत्तीसोबत. मधलं वर्षभर आर्मचं पायथन वापरणाऱ्याला नमपाय स्वतः कंपाइल करणं किंवा इंटेलचं पायथन प्रिझमवर चालवणं, एवढेच मार्ग होते. त्याहून मजेशीर गोष्ट अँड्रॉइडची. फोन आर्मचा, लॅपटॉप आर्मचा आणि अँड्रॉइड स्टुडिओला विंडोज-आर्मचा अधिकृत सपोर्ट नाही, अशी तेव्हाची स्थिती होती! आज काय आहे ते लॅपटॉप घेण्याआधी गूगलच्या पानावर तपासा.

सीताबर्डीत लॅपटॉप बघायला गेलात तर दुकानदार बॅटरीचे तास सांगेल. तुम्ही कॉलेजच्या प्रॅक्टिकलची यादी खिशात ठेवून जा. ८०८६ असेंब्लीची चिंता करू नका, डॉसबॉक्स जुन्या प्रोसेसरचीच नक्कल करतो, त्यामुळे तो आर्मवरही चालतो. पण व्हर्च्युअलबॉक्सवर सरांनी दिलेली एक्स८६ उबुंटूची तयार इमेज एम-चिप मॅकवर सुरू होणार नाही, तिथे आर्मचं उबुंटू लागतं. ड्रायव्हरचं तर प्रिझम भाषांतर करतच नाही. लॅबमधल्या जुन्या यूएसबी प्रोग्रामरचा आर्म ड्रायव्हर कंपनीने काढलाच नसेल, तर विषय संपला. अशा विषयांची शाखा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सध्या एक्स८६ घ्या. वेब किंवा पायथनचंच काम असेल तर आर्म बिनधास्त.

नोकरीत गेल्यावर, मिहानमध्ये असो की हिंजवडीत, हा प्रश्न डॉकरच्या रूपात भेटतो. आर्म मॅकवर बनवलेली इमेज आपोआप आर्मचीच बनते. ती एक्स८६ सर्व्हरवर टाकली की 'एक्झेक फॉरमॅट एरर' एवढंच येतं, आणि नवखा माणूस तासभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. कोड ठीकच असतो, सर्व्हरवर हमाल नसतो. इमेज बनवतानाच प्लॅटफॉर्म सांगा किंवा बिल्डएक्सने दोन्ही गेजची बनवा. दोन्ही बनवणं जास्त शहाणपणाचं, कारण ॲमेझॉनचे आर्मवाले ग्रॅव्हिटन सर्व्हर मुंबईतही मिळतात आणि उद्या कंपनी तिकडे वळू शकते.

आता तिसरं गेजही टाकलं जातंय. पुण्यात मुख्यालय असलेल्या सीडॅकची 'ध्रुव६४' ही १ गिगाहर्ट्झची, ६४-बिट, ड्युअल-कोर चिप डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली, ती रिस्क-फाइव्हवर आधारित आहे. हात साफ करायचा असेल तर सीडॅकचाच एरीज बोर्ड आहे, त्यावरची छोटी थेजस३२ चिप आर्डुइनो आयडीईतून प्रोग्राम करता येते. इथे कोड लॅपटॉपवर कंपाइल होतो आणि चालतो दुसऱ्याच गेजवर. फक्त तो कंपायलर स्वतः तुमच्या लॅपटॉपच्या गेजचा मिळतो का, हे बोर्ड मागवण्याआधी बघून घ्या.